साडूचं फिरतं घर

माझ्या साडूने एका कारखान्याची मोडीत निघालेली मिनीबस विकत घेतली, ही बातमी मला बायकोने सांगितली. मी पहिली पाळी करून सातपूरहून घरी आलो होतो, डबा मोरीत ठेवत होतो. ती म्हणाली, "धाकटीचा फोन होता. त्यांनी बस घेतलीय. तिच्यात घर करणार आहेत म्हणे."

"घर म्हणजे?"

"घर म्हणजे घर. पलंग, ओटा, पंखा. कुठंही जायचं, तिथंच राहायचं."

मी म्हटलं, "डोकं फिरलंय त्याचं." पण जेवताना डोक्यात तीच बस होती. मला ती बस हवी होती अशातला भाग नव्हता. मला बसमध्ये राहायची हौस कधीच नव्हती. त्याच्या डोक्यात असलं काही येतं आणि तो ते करून मोकळा होतो, हे मला सहन होत नव्हतं.

साडू माझ्यापेक्षा वयाने लहान. माझी बायको थोरली, त्याची धाकटी. सासऱ्यांना मुलगा नाही. त्यामुळे आम्ही दोघे जावईच काय ते. त्याचं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ प्लायवूडचं दुकान होतं. मी एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, पाळ्या करणारा. नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही वर्षं. माझ्याकडे स्कूटर होती आणि सिडकोत दोन खोल्यांचं तळमजल्याचं घर. त्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली सासऱ्यांची होती.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. मूळचे नामपूरचे, जन्म कांदा पिकवण्यात गेलेला. सासूबाई गेल्यावर एकटेच राहायचे. मग न्हाणीत पाय घसरून पडले, खुब्यात सळई टाकावी लागली आणि ते आमच्याकडे आले. त्यांना आडवं पडलेलं बरं वाटायचं, उभं केलं तर काठी धरून चार पावलं टाकायचे, पण दोन मिनिटांपेक्षा जास्त बसवत नसे. जीप, बस, रिक्षा, सगळं बंद. त्यांचं अंथरूण, औषध, दाढी, संडासला नेणं, सगळं आम्ही दोघं करायचो. मी ते मनापासून करायचो. आजही मला तसंच वाटतं. पण करताना आत कुठेतरी हिशेब मांडलेला असायचा, आणि त्या हिशेबात आप्पांच्या तोंडचं कौतुक जमा होत नव्हतं.

कौतुक धाकट्याच्या वाट्याला. तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा, सोबत द्राक्षं नाहीतर चिवडा, आप्पांच्या पायाशी बसून गप्पा छाटायचा, आणि तो गेल्यावर आप्पा दोन दिवस त्याच्याच गोष्टी सांगायचे. बस तयार झाली तेव्हा त्याने आप्पांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आत नेलं आणि पलंगावर निजवलं. सनमायका लावलेला पलंग, डोक्याशी खिडकी, वर छोटा पंखा. स्टीलची पाण्याची टाकी, तिला तोटी. ओट्यावर शेगडी. आप्पा पडल्या पडल्या हाताने सनमायका चाचपत राहिले.

"धाकला जवाईनी गाडी म्हंजे पलंग शे, पलंग," ते म्हणाले.

माझी बायको ओट्याची तोटी पुनःपुन्हा उघडून बघत होती. घरी आल्यावर तिने आमची मोरी घासली. ती ज्या जोराने घासत होती, त्यातलं सगळं मला ऐकू येत होतं.

त्या दसऱ्याला बसची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. मेव्हणीने ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर सप्तशृंगीच्या देवीचा फोटो लावला होता. ती मला म्हणाली, "दाजी, हिच्यासमोर एक लाल दिवा पाहिजे. तुम्हीच लावा, तुमच्यासारखं काम कोणाला जमायचं नाही."

"लावतो की. किल्ली फिरवली की लागेल, काढली की विझेल."

"विझायला नको. देवीसमोर अंधार कसा ठेवायचा?"

मग मी तो दिवा थेट बॅटरीवर घेतला. गाडीच्या मागच्या लाइटला असतो तसा लहान बल्ब, त्यावर लाल काचेचं झाकण. वायर फळीच्या आतून नेली, जागोजागी क्लिपा मारल्या, सांधे डाग देऊन पक्के केले, वरून नळी चढवली. साडूने सगळ्या बसचं वायरिंग एका मिस्त्रीकडून करून घेतलं होतं, ते लोंबत होतं. माझी वायर शोधूनही दिसली नसती. बल्ब लागला, देवीचा चेहरा लाल झाला, बायकांनी हात जोडले. आप्पांनी पलंगावरून मान वळवून पाहिलं.

"हाई काम पक्कं शे," ते म्हणाले.

आमच्या घरी आल्यापासून त्यांनी माझ्या कुठल्या कामाला नावाजलेलं मला आठवत नव्हतं. ते तीन-चार शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवले. स्कूटरवरून कंपनीत जाताना, पॅनलसमोर उभं असताना. वय चाळिशीकडे झुकलेलं आणि मी एका बल्बवर खूश होतो.

दिवाळी झाली आणि साडूचा फोन आला. "साडूभाऊ, गाडी सेल्फ घेत नाहीये. नुसती टक करते."

खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर मला शीळ घालावीशी वाटली.

रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन पंचवटीत त्याच्या घरी गेलो. बॅटरी पार बसली होती. पाणी पाहिलं, कमी होतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं. टर्मिनलवर पांढरा थर आला होता, तो गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावलं. बॅटरी चार्जिंगला देऊन आणली, बसवली, गाडी एका झटक्यात सुरू. मेव्हणीने कांदेपोहे केले. पुढच्या रविवारच्या आत पुन्हा फोन.

मग ते चालूच राहिलं. मी पट्टा पाहिला, सैल होता, ताणून घेतला. मी अल्टरनेटरच्या मागे लागलो. तो त्याने भंगार बाजारातून आणलेला, म्हणजे माझ्या दृष्टीने गुन्हेगार ठरलेलाच. इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला तर आकडा बरोबर, चार्जिंग व्यवस्थित जात होतं. तरी मी म्हणालो, "गरम झाल्यावर सोडत असेल. बदला." त्याने बदलला. मग कटआऊट. चार्जिंग किती जायचं, कधी थांबायचं, हे ठरवणारी ती डबी. तीही मी बदलायला लावली. चासीवरची अर्थिंगची पट्टी गंजलेली होती, ती घासून घेतली. नवी बॅटरी घ्या असंही एकदा म्हणालो, मग तूर्त प्लेटाच बदलून आणायला लावल्या.

गाडी चालली की चार्ज व्हायची, आणि उभी राहिली की चार-सहा दिवसांत बसायची. उभ्या गाडीत कोणीतरी बॅटरी पितंय हे मला समजत होतं. मी कंपनीत हेच काम करतो. म्हणून मी त्याच्या मिस्त्रीने बसवलेल्या फ्यूजच्या पेटीतले सगळे फ्यूज काढून पाहिले. पंखा, ट्यूब, टीव्ही, पाण्याची मोटर, एकेक वायर सोडवली. प्रत्येक वेळी मी काहीतरी पुटपुटायचो. "कोणी केलंय हे वायरिंग? चौथीतलं पोर बरं करेल."

साडू शेजारी टॉर्च धरून उभा. "तुम्ही म्हणाल तसं करू," एवढंच म्हणायचा. त्याचं हे वागणं मला आणखी लागायचं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या सगळ्या रविवारी देवीसमोरचा लाल दिवा आमच्या डोक्यावर जळत होता. मी त्याच्या उजेडात पकड शोधली असेन. पण तो देवाचा दिवा होता, त्याच्याकडे कोणी 'लोड' म्हणून पाहत नाही. आणि तो मी लावलेला होता. माझी वायर त्याच्या फ्यूजच्या पेटीतून गेलीच नव्हती. पेटीच्या आधीच, सरळ बॅटरीवरून. त्याच्या पेटीतले सगळे फ्यूज काढले तरी माझा दिवा जळतच राहायचा. चूक त्याच्या वस्तूंत आहे हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, मग माझ्या हातचं काम तपासायचं सुचणार कसं?

संक्रांतीच्या सुमाराला तक्रार थांबली. मी बायकोला म्हणालो, "कटआऊट बदलला ना, म्हणून." आप्पांना म्हणालो, शेजारच्यांना म्हणालो. साडूलाही म्हणालो. तो म्हणाला, "तुमच्यामुळेच, साडूभाऊ."

उन्हाळा लागला तसे आप्पा अस्वस्थ होऊ लागले. अक्षय्यतृतीयेला त्यांच्याकडे आखाजी म्हणतात. त्या भागात तो दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके टांगतात. आप्पांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, सत्तरी ओलांडलेली बाई, अजूनही दर आखाजीला नामपूरला आप्पांच्या पुतण्याच्या घरी यायची. आप्पा पडल्यापासून दोघांची भेट नव्हती. तिला डोळ्यांनी कमी दिसत होतं, तिच्याच्याने नाशिकला येणं होत नव्हतं. आणि यांना बसवत नव्हतं.

एका संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत होतो. ते म्हणाले, "माले आखाजीले नामपूर ली चला."

मला बरं वाटलं, मला सांगितलं म्हणून. पण पुढचं वाक्य आलंच. "धाकलानी गाडी शे ना. तिच्यामा निजीसन जासू."

त्या गाडीशिवाय ते जाऊ शकत नव्हते हे खरंच होतं. त्यांच्यासाठी जगात तेवढीच एक गाडी होती. मी उठून हात धुतले आणि साडूला फोन केला. तो लगेच तयार. मी म्हणालो, "गाडी आधीच आमच्याकडे आणून ठेवा. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभी करू. ऐनवेळी धावपळ नको. बॅटरी मी बघतो."

मला काय हवं होतं ते सांगतो. नामपूरला गाडी पोचेल तेव्हा ती त्याची गाडी असेल. पण तोवर आठवडाभर ती माझ्या दारात उभी राहील, किल्ली माझ्या खिशात असेल, आणि आप्पांना कळेल की ती चालते ती माझ्या हातामुळे.

त्याने गाडी आणली. मी सगळं पुन्हा तपासलं. बॅटरीच्या सहाही खणांत चार्ज मोजायची काचेची नळी बुडवून पाहिली, सगळीकडे माप भरलेलं. दार लावून घेतलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"साडूभाऊ, रोज थोडा वेळ गाडी चालू करत चला हं. किंवा तो..."

"बॅटरीचं मला शिकवू नका," मी म्हणालो. हसत म्हणालो, पण म्हणालो. "फुल चार्ज आहे. उगाच सेल्फ मारून कशाला उतरवायची? आखाजीपर्यंत हिला हात लावायचा नाही."

मग तो म्हणाला, "बरं. तुम्ही आहात म्हटल्यावर."

रोज संध्याकाळी मी दारातल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. समोर बस, बसच्या पुढच्या काचेतून दिसणारा लाल दिवा. येणारे-जाणारे विचारायचे. मी सांगायचो, साडूची आहे. दिवा मी लावलाय. आप्पांची खाट खिडकीशी होती, त्यांनाही तो दिसायचा.

आखाजीच्या दोन दिवस आधी ते म्हणाले, "दिवा बारीक व्हई राह्यना."

"मोतीबिंदू आहे आप्पा तुम्हाला," मी म्हणालो. "सण झाला की डोळे दाखवू."

आखाजीच्या सकाळी आप्पांनी मला दाढी करायला लावली. नवं धोतर, पांढरी टोपी. बायकोने पुरणपोळ्यांचा डबा भरला, आत्याबाईंसाठी लुगडं घेतलं होतं ते पिशवीत घातलं. साडू आणि मेव्हणी आले. चौघांनी मिळून आप्पांना खुर्चीसकट बसमध्ये चढवलं, पलंगावर निजवलं. त्यांनी डोक्याखालची उशी स्वतः नीट केली. साडू ड्रायव्हरच्या जागेवर बसला. मी किल्ली खिशातून काढून त्याच्या हातात दिली. किल्ली देताना मी जरा थांबलो होतो, सगळ्यांनी बघावं म्हणून.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

देवीसमोरचा दिवा विझल्यासारखा झाला आणि मग पुन्हा मिणमिणला. मी तिकडे पाहिलंही नाही. बॉनेट उघडलं. टर्मिनल हलवून पाहिले. गल्लीतले लोक धक्का मारायला आले, पण प्लॉटची मुरमाड जमीन भुसभुशीत, पुढे गटार, चाकं रुतली. सणामुळे गॅरेजं बंद. साडू स्कूटर घेऊन कुठूनतरी ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणायला गेला. ऊन चढलं. पत्र्याच्या बसमध्ये आप्पा पडून होते, आणि पंखा लावायची सोय नव्हती. आप्पांना काढून घरात नेऊ का, असं बायकोने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आप्पांनी मान हलवली. उतरलं तर जाणं राहील, असं त्यांना वाटत असावं.

साडू बॅटरी घेऊन आला तोवर दुपार झाली होती. आप्पांचं धोतर घामाने चिंब, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पुरे. कोणी कुठं जायचं नाही."

त्यांना परत खाली घेतलं. साखरपाणी दिलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं. ते शुद्धीवर होते. छताकडे पाहत ते एवढंच म्हणाले, "भैन वाट देखत व्हई."

साडू दाराशी मान खाली घालून उभा होता, हाताला बॅटरीचा काळा चिकटा. आणि मी बोललो. आप्पांच्या समोर, दोघी बहिणींच्या समोर, चांगल्या मोठ्या आवाजात.

"नवी बॅटरी घ्या म्हणत होतो मी. नुसत्या प्लेटा बदलून भागत नाही. गाडीला सनमायका लावून गाडी चालत नसते."

तो गप्प राहिला. मेव्हणी त्याच्याकडे बघत होती, त्याने काहीतरी बोलावं म्हणून. माझी बायको माझ्याकडे बघत होती. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो: मला समाधान वाटलं. म्हातारा माणूस बहिणीला मुकला होता, आणि मला वाटत होतं, आज तरी याची गाडी सगळ्यांसमोर नापास झाली.

ट्रॅक्टरची बॅटरी बसला जोडून तशीच ठेवून तो गेला. दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून आलो, तर आप्पा खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी चहा घेऊन गेलो.

"दिवा आज तेज शे," ते म्हणाले.

कपबशी माझ्या हातात होती. मी बाहेर पाहिलं. काचेमागे दिवा चांगला लालबुंद दिसत होता. त्यांना मोतीबिंदू होता, पण दिवा बारीक झालेला त्यांना दिसला होता, आणि आज मोठा झालेलाही दिसत होता. बॅटरी बदलली तसा दिवा बदलला होता. आठवडाभर ते खाटेवर पडून जे बघत होते, ते मी खुर्ची टाकून बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

चहा ठेवून मी पाना घेतला आणि बसमध्ये गेलो. पेटीतले सगळे फ्यूज काढले. बॅटरीचं एक टर्मिनल सैल करून उचललं. दिवा विझला. टर्मिनल पुन्हा टेकवलं. बारीकशी निळी ठिणगी उडाली आणि दिवा लागला. उचललं, विझला. टेकवलं, लागला. मी ते पुनःपुन्हा करत राहिलो, जणू एखाद्या वेळी तरी वेगळं काही होईल. मग पलंगावर जाऊन बसलो. उशीवर आप्पांच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता.

तो अल्टरनेटर चांगला होता. कटआऊट चांगला होता. बॅटरीसुद्धा चांगली होती.

दोन दिवस मी घरी कोणाला काही बोललो नाही. गुपचूप एक स्विच लावून टाकावा आणि विषय संपवावा, असंही वाटलं, स्विच आणलासुद्धा. पण बायकोने त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं होतं. शेवटी मी द्वारकेला साडूच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाइकाला सनमायकाचे नमुने दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि सांगितलं.

त्याने नमुन्यांची चळत सरळ केली. म्हणाला, "माहीत होतं मला, साडूभाऊ."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. एकदा बल्ब पुसताना झाकण काढलं, बल्ब थोडा फिरला आणि विझला. तसाच राहून गेला. त्या वेळी आठ दिवस बॅटरी उतरली नाही. मग लक्षात आलं. गाडी उभी करायची असली की मी बल्ब अर्धा फेरा सैल करून ठेवायचो."

म्हणजे कटआऊटचं माझं सगळं कौतुक त्या अर्ध्या फेऱ्याचं होतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"फोनवर सांगणारच होतो. तुम्ही म्हणालात, शिकवू नका." तो हसला, पण टोमणा नव्हता. "आणि तो दिवा आप्पा खिडकीतून बघत असतात. तुमच्या दारात येऊन तुम्ही लावलेला दिवा मी काढून ठेवू? बरं दिसतं का? मला वाटलं, रोज चालू केली तर निभेल."

"त्या दिवशी मी इतकं बोललो तेव्हा तरी बोलायचं."

"आप्पांसमोर?" तो म्हणाला. "त्यांनी एवढ्या कौतुकाने म्हटलं होतं, काम पक्कं आहे म्हणून."

मी हात जोडले. त्याने माझे हात धरून खाली केले आणि पोराला चहा सांगितला. लोक म्हणतात, कबुली दिली की मन हलकं होतं. माझं झालं नाही. चहा पिताना मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला त्याचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटत होता. आतापर्यंत बसचा वाटायचा, दुकानाचा वाटायचा, आप्पांच्या कौतुकाचा वाटायचा. आता तो गप्प राहू शकला याचा वाटत होता. बस मी कधीतरी घेऊ शकलो असतो. हे मला जमणारं नव्हतं.

निघताना तो म्हणाला, "एक सांगू? आप्पांना माझी गाडी आवडते. पण राहतात ते तुमच्याकडे. आमच्याकडे या म्हणून मी किती वेळा विचारलं, एक रात्र आले नाहीत." आणि पुन्हा नमुने आवरायला लागला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पीठ मळता मळता ऐकून घेतलं. म्हणाली, "आप्पांना सांगितलं का?" मी म्हटलं, नाही. "मग माझ्यापाशी काय रडता?" ती म्हणाली.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "मंग आते बटन लावी द्या." दुसरं काही नाही. त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

दिवा बंद करायचा स्विच लावायला मेव्हणीची परवानगी हवी होती. मी घाबरतच विचारलं.

"लावा हो दाजी," ती म्हणाली. "देवी काय बॅटरी मागते का? मी एक सांगितलं आणि तुम्ही दोघांनी महिनोन्महिने इंजिन खोललं."

आखाजी तर हातची गेली होती. पावसाळ्यात रस्ते वाईट, आप्पांना हिसके सोसले नसते. नामपूरला पुतण्याकडे फोन करून भाऊबीज ठरवली. आत्याबाई तोवर तब्येतीने टिकतील की नाही, आणि आप्पाही, ही धाकधूक त्या सहा महिन्यांत मी कोणाला दाखवली नाही. सकाळी उठलो की आधी त्यांच्या खाटेकडे बघायचो. बस साडूच्या दारात होती. मी जाऊन बघत नव्हतो, तो फोन करून सांगायचा, "सुरू केली आज. मस्त आहे."

भाऊबीजेला पहाट फुटताच निघालो. साडू चालवत होता, मी शेजारी. मागे दोघी बहिणी ओट्यापाशी आप्पांना चहा पाजत होत्या. आप्पा पडल्या पडल्या विचारत होते, दिंडोरी गेलं का, वणी आलं का. वणीला गडाच्या दिशेने सगळ्यांनी हात जोडले. कळवणनंतर दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड दिसायला लागली तशी बायकोने त्यांची उशी उंच केली. सटाण्याला चहाला थांबलो तेव्हा साडूने इंजिन बंद केलं. मी उतरलो नाही. त्याने परत येऊन किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि मग मी श्वास सोडला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नसावं.

नामपूरला पुतण्याच्या अंगणात गाडी उभी केली. सगळ्यात आधी मी दिव्याचा स्विच बंद केला. आप्पांना उतरवण्याची तयारी चालली होती, तेवढ्यात आत्याबाई काठी टेकत गाडीपाशीच आल्या. साडूने त्यांना दोन्ही काखांत धरून वर चढवलं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि भावाचा चेहरा बोटांनी चाचपू लागल्या.

"कसा शेस रे भाऊ? वाळी गया रे तू."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. आत्याबाईंनी विचारलं, "कोन लई वना तुले?" कोणी आणलं तुला, म्हणून. आप्पांनी साडूकडे बोट केलं. आत्याबाईंनी हात वर केले. साडू वाकला, त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मी ओट्याला टेकून उभा होतो. मला वाईट वाटलं. सगळं कळून चुकल्यावरही, त्या क्षणीसुद्धा, मला वाटलं की ती बोटं माझ्यासाठी मोडली जावीत.

पुतण्याच्या बायकोने ओवाळणीचं ताट आणलं. आत्याबाईंना ताट नीट दिसेना, कुंकू कुठे, तांदूळ कुठे. गाडीत पडदे ओढलेले, अंधार होता. आप्पा म्हणाले, "दिवा लावा ना. हाऊ दिवा मोठा जवाईना शे." मग माझ्याकडे बघून, "लावा."

मी स्विच दाबला. आत्याबाईंनी त्या लाल उजेडात भावाला ओवाळलं. ताटातली निरांजनं दोनदा तिरकी झाली, माझ्या बायकोने त्यांचा हात धरला. लुगडं दिलं. मग दोघं नुसती हात धरून बसली. सगळ्यांना कळलं की आता तिथे थांबायचं नाही.

आप्पा त्यानंतर नामपूरला गेले नाहीत, आणि आत्याबाईंनाही पुन्हा भेटले नाहीत. एक आखाजी मात्र होती, जी त्यांना मिळाली असती. ती मी कुठून आणून देऊ?

त्या दिवशी बाहेर पंगत बसत होती आणि मी बसच्या पायरीवर होतो. साडूने हाक मारली, "साडूभाऊ, चला, पानं वाढलीत."

"तुम्ही बसा," मी म्हणालो. "त्यांचं होऊ द्या. मी दिवा बंद करून येतो."

तो दोन पावलं गेला, परत फिरला आणि माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. आतून दोन म्हाताऱ्या आवाजांची कुजबुज येत होती. आम्ही दोघं भुकेले तिथेच बसून राहिलो.